शमशोन आणि दलीला : अभ्यासवर्गात कसे वाचावे

मुंबईतील मराठी ख्रिस्ती मंडळीच्या अभ्यासवर्गात बायबलच्या जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकाचा अध्याय १६ घेताना आधी पाचवे वचन वाचावे. इस्राएलचा बलवान वीर शमशोन याचे दलीलेवर प्रेम होते; त्याच्या बळाचे गुपित काढून घेण्यासाठी इस्राएलचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांच्या प्रत्येक सरदाराने तिला ११०० शेकेल (वजनाचे एक जुने माप) रुपे देऊ केले होते, म्हणून तिचा पुढचा प्रत्येक प्रश्न हा सौदा लक्षात ठेवूनच वाचावा. ‘प्रेम असते तर गुपित सांगितले असते’ या अर्थाचा तिचा युक्तिवाद वर्गाने नीट तपासावा, कारण तो नकार देणाऱ्यालाच अपराधी ठरवतो; शिवाय तिच्या रोजच्या टुमण्याने शमशोनाला जीव नकोसा झाला. त्यानेही तीनदा खोटे सांगितले, हे मात्र झाकू नये. मग अध्याय १४ उघडावा: तिथे हाच आरोप रडत करणाऱ्या त्याच्या पत्नीला जाळून टाकण्याची धमकी होती, त्यामुळे दोघींना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.