पत्ते एकानंच वाटायचे

सोलापूरच्या साखर पेठेतलं आमचं घर वडिलांच्या वेळचं. खालचा मजला दगडी, भिंत दीड हात जाड. वरचा मजला मी नंतर विटांत चढवला. मागच्या शेडमध्ये चार माग आहेत आणि टॉवेलची जॅकार्ड डिझाइनं (विणतानाच उठणारी नक्षी) मी वर बसून कॉम्प्युटरवर काढतो. त्या फायली शेडमधल्या कॉम्प्युटरवर पाठवायला २०१३ सालीच घरभर नेटवर्कची तार ओढून घेतली होती. माळ्यावर आठ भोकांचा स्विच, म्हणजे एका तारेच्या अनेक तारा करणारा डबा, तिथून एक तार वर, एक शेडला, एक आईच्या खोलीपर्यंत. तार कधी दगा देत नाही. पण पुढं घरात फोन वाढले आणि फोनला तार लावता येत नाही.

फायबरचा डबा बैठकीत आहे. त्याचं वायफाय बैठकीत झकास, आणि दगडी भिंत ओलांडली की संपलं. पोरगी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ऑनलाइन क्लास करायची, कारण चौथ्या पायरीवर चित्र अडकायचं. पुतण्या म्हणाला, "काका, बूस्टर घ्या की, लगेच काम होतंय."

बूस्टर घेऊ नका. निदान ज्यांच्या घरात तार आहे त्यांनी तरी. साधा बूस्टर हवेतून सिग्नल धरतो आणि त्याच रेडिओवरून पुन्हा हवेत सोडतो, म्हणजे वेग निम्म्यावर येतो. शिवाय भिंतीमागं सिग्नल पोचतच नसेल तर तो धरणार काय? आपल्याकडं तार भिंतीपलीकडं आधीच गेलेली आहे. तिच्या टोकाला वायफाय सोडणारा डबा बसवायचा, एवढंच काम आहे. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. नवा मिळतो, पण फायबर आल्यावर अडगळीत टाकलेला जुना राउटरही चालतो. मी तोच वापरला. मागची भोकं १०० एमबीपीएस वेगाची आहेत की गिगाबिटची (म्हणजे १००० ची) तेवढं बघून घ्या. तुमचा प्लॅन शंभरच्या आतला असेल तर तेही बघायला नको.

आता खरी मेख. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो आणि तो मुख्य राउटर, म्हणजे बैठकीतला फायबरचा डबा, वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. जुना राउटरही मुळात राउटरच, त्यालाही वाटायची सवय. आणि पत्ते एकानंच वाटायचे असतात. दोघांनी वाटायला घेतले की डाव मोडलाच.

आमचा मोडला तो नेमका संक्रांतीला, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत. अक्षता सोहळ्यासाठी पाहुणे आलेले, घरात पंधरा-सोळा माणसं. मी आदल्या रात्री घाईनं जुना राउटर जोडला आणि डीएचसीपी बंद करायचं विसरलो. सकाळी निम्म्या फोनना इंटरनेट, निम्म्यांना नाही. वायफायची खूण सगळ्यांकडं भरलेली! मी नेट कंपनीला फोन लावून वीस मिनिटं भांडलो. मग मेव्हण्याच्या फोनमध्ये वायफायची माहिती उघडली तर गेटवे, म्हणजे इंटरनेटकडं जायचं दार, १९२.१६८.१.२. हा तर माझा माळ्यावरचा जुना डबा! त्याच्यामागं इंटरनेट कुठलं? ज्याला त्यानं पत्ता वाटला, तो बंद. चूक माझीच होती. कंपनीवाल्याला परत फोन करायला तोंड नव्हतं.

म्हणून क्रम सांगतो तसाच ठेवा. आधी ब्राउजरमध्ये मुख्य राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता आणि तो कुठून कुठपर्यंत वाटतो ते कागदावर लिहा. माझा १९२.१६८.१.१, आणि वाटप शेवटच्या आकड्यात १०० ते १९९. मग जुना राउटर घरच्या तारेला न लावता नुसता कॉम्प्युटरला लावा, तोही लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) भोकात. पाठीमागच्या रिसेटच्या भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे जुना पासवर्ड आठवत बसायला नको. खालच्या चिकटपट्टीवर त्याचा पत्ता छापलेला असतो. तो ब्राउजरमध्ये टाकून आत जा.

आत गेल्यावर 'ॲक्सेस पॉइंट मोड' असं काही दिसलं तर तुमचं नशीब. ते निवडा, बाकीचं तोच करतो. माझ्या डब्यात नव्हतं, तेव्हा हातानं केलं. पहिलं, त्याचा लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. मुख्य राउटरच्या रांगेतलाच (पहिले तीन आकडे तेच), पण वाटपाच्या बाहेरचा. तुमचा मुख्य राउटर २ पासूनच वाटत असेल तर आधी त्याचं वाटप थोडं पुढून सुरू करा. पत्ता बदलला की पान गायब होतं. घाबरू नका, तार काढून परत लावा आणि नव्या पत्त्यावर उघडा. दुसरं, वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षा. सुरक्षेच्या यादीतून डब्ल्यूपीए२ एईएस निवडा, जुनी टीकेआयपी नको, त्यात वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो. डबा उघडायचा ॲडमिन पासवर्डही इथंच बदलून घ्या. डीएचसीपी बंद करायचं सगळ्यात शेवटी, कारण ते बंद झालं की हा डबा तुमच्या कॉम्प्युटरलाही पत्ता देत नाही.

आता घरची तार त्याच्या लॅनच्या भोकात लावा. वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेलं भोक रिकामं ठेवायचं. मी त्यावर काळी चिकटपट्टीच मारली. हाताला सवय असते, चुकून तिथं तार गेली तर घराच्या आत दुसरं घर, म्हणजे वेगळं नेटवर्क, तयार होतं आणि वरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसत नाही.

नाव आणि पासवर्ड खालच्या वायफायचेच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप बदलतो. चॅनेल (वायफाय ज्या पट्ट्यावर बोलतं तो) मात्र वेगवेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे तीनच, १, ६ आणि ११. खाली १ ठेवला, वर ११. गल्लीतली चौदा वायफाय माझ्या फोनवर दिसतात, त्यातली निम्मी ६ वर.

तारेचं टोक नवं करायचं असेल तर रंगांचा क्रम पाठ करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. टोकाच्या प्लास्टिकच्या पिनेच्या सोनेरी पट्ट्या वर, खिट्टी खाली, तार घालायचं तोंड तुमच्याकडं, मोजायचं डावीकडून. माझ्या वडिलांनी जॅकार्डची कार्डं हातानं पंच केली. एक भोक चुकलं तर फूल चुकतं, आणि पुढं प्रत्येक टॉवेलवर चुकतं. इथंही तसंच. क्रिंप करायच्या (पक्कडीनं दाबून बसवायच्या) आधी पिन उजेडाला धरून आठही तारा टोकापर्यंत भिडल्यात का बघा. १, २, ३ आणि ६ या चारच तारा नीट लागल्या तरी नेट चालतं, पण शंभर एमबीपीएसच्या वर जात नाही आणि माणूस उगाच प्लॅनला शिव्या देत राहतो. तार विकत घेताना तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार दोनदा वाकवली की आतून तुटते.

डबा लोखंडी कपाटामागं ठेवू नका. भिंतीवर उंच, उघड्यावर लावा. माझा माळ्यावर होता, तो वरच्या खोलीत दाराच्या चौकटीवर आणला. पत्र्याखाली तर नकोच, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो. लाइट जाण्याचा त्रास असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. आणि माळ्यावरचा स्विचही यूपीएसवर हवा. मी तो विसरलो होतो. दोन्ही टोकं जिवंत आणि मधला स्विच मेलेला.

शेवटी वायफाय मोजणारं एखादं ॲप घेऊन घरभर फिरा. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत होतो. वरच्या खोलीत उणे ४८ आलं, पोरगी पायरीवरून उठली. आईच्या खोलीत खालचंच वायफाय उणे ७१ वर कसंबसं येत होतं, म्हणून तिथल्या तारेलाही एक छोटा डबा लावला, पत्ता १९२.१६८.१.३, चॅनेल ६. शेडमध्ये शेवटच्या मागापाशी उणे ८० आहे. तिथं अजून काही लावलेलं नाही. सुताची धूळ डब्याच्या जाळीत महिन्याभरात भरते. आधी त्याला झाकण कसलं करावं ते ठरायचंय.