बोर्ड-प्रोसेसर बदलायचाय, पण फॉरमॅट मारायचा नाहीये

दुकानात जाऊन सांगा की बोर्ड (मदरबोर्ड) आणि प्रोसेसर बदलायचाय, समोरून पहिलं वाक्य येतं, "फॉरमॅट मारावा लागेल", म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. विंडोज ७ च्या काळात ते बरंचसं खरं होतं, कारण नव्या बोर्डाच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आधीपासून चालू नसला की विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता यायची नाही आणि निळा स्क्रीन यायचा. १० आणि ११ मध्ये साटा आणि एनव्हीएमई ह्या दोन्ही प्रकारच्या डिस्कचे साधे ड्रायव्हर आतच असतात, त्यामुळे नव्या बोर्डावर पहिल्यांदा चालू केलं की "गेटिंग डिव्हाइसेस रेडी" म्हणत ते सगळं ओळखून घेतं. विंडोज स्वतः सहसा अडत नाही. घोळ होतो तो बूट मोड (विंडोज चालू करायची पद्धत), एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला लागलेलं कुलूप), पासवर्ड आणि लायसन्स ह्या चार ठिकाणी, आणि हे चारही जुना पीसी चालू असतानाच निस्तरायचे, सगळे स्क्रू काढून टेबलावर पसारा झाल्यावर नाही.

उदाहरणाला नेहमीचा घरचा असेंबल्ड सेट घेऊ: चौथ्या जनरेशनचा आय५, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, मागाहून टाकलेली साटा एसएसडी आणि विंडोज १०. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला साधारण इंटेलची आठवी जनरेशन किंवा एएमडीच्या रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (चाव्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय) लागतं, म्हणून असे सेट आता बदलायला निघालेत.

घ्यायचं काय

डीडीआर३ असेल तर रॅमसकट तिन्ही गोष्टी नव्या, इलाज नाही. पण तुमच्याकडे डीडीआर४ असेल तर ती टाकून देऊ नका, रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून जे चढलेत ते बघता जुन्या रॅमवर चालणारा बोर्ड घेणंच शहाणपणाचं. म्हणजे एकतर एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (रायझन ५ ५६०० वगैरे) किंवा इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या जनरेशनचा एलजीए १७०० बोर्ड, त्यातलाही डीडीआर४ वाला, कारण ह्या सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात आणि खोक्यावर नीट वाचलं नाही तर चुकीचा घरी येतो. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर आणि इंटेल कोअर अल्ट्रा २०० वर फक्त डीडीआर५ चालते.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल घेऊ नका, त्यात डिस्प्ले नसतो. रायझन ५ ५६०० मध्येही नसतो, ५६००जी मध्ये असतो. हे न बघता स्वस्त मिळाला म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून प्रोसेसर उचलायचा आणि घरी काळा स्क्रीन बघत बसायचं, असं व्हायला नको.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) दहा वर्षं जुना असेल तर तोही बदला. आणि ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर आधी कॅबिनेट उघडून बघा, त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचे पॉवर कनेक्टर आणि बोर्डाचा आकार स्टँडर्ड नसतो, मग कॅबिनेट आणि एसएमपीएस पण नवे घ्यावे लागतात.

जुना पीसी चालू असताना

आधी बॅकअप, बाहेरच्या हार्डडिस्कवर, शक्यतो अख्ख्या डिस्कची इमेज. ह्यावर जास्त बोलत नाही.

मग बूट मोड. स्टार्टमध्ये "सिस्टिम इन्फर्मेशन" शोधा आणि "बायोस मोड" समोर काय लिहिलंय ते बघा. यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर सुटलात, थेट खालच्या एन्क्रिप्शनच्या भागावर जा. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर काम आहे, कारण नव्या बोर्डांवर लेगसी बूट बऱ्याचदा मिळतच नाही, आणि जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असली की नवा बोर्ड तिच्याकडे बघतसुद्धा नाही. "बोर्ड बदलला आणि विंडोज गेलं" म्हणून जी रडारड होते त्यातली पुष्कळशी इथलीच असते, विंडोज डिस्कवर धडधाकट असतं, फक्त बोर्डाला ते दिसत नाही.

ह्यासाठी विंडोजमध्येच टूल आहे, एमबीआर-टू-जीपीटी, मधला "टू" आकड्यातला. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, टूलचं नाव, स्पेस, स्लॅश व्हॅलिडेट, स्पेस, स्लॅश अलाऊफुलओएस (सलग, एक शब्द). तपासणी पास झाली तर तीच कमांड, व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. डेटा जात नाही, पण बॅकअपशिवाय करू नका. आपल्याकडे हे टूल अडकायचं नेहमीचं कारण म्हणजे डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह, एफ ड्राइव्ह. एकाच डिस्कचे असे तुकडे पाडलेले असतात आणि त्यातले शेवटचे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत लॉजिकल म्हणून बसलेले असतात, ते ह्या टूलला चालत नाहीत, आणि प्रायमरी पार्टिशन पण तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. मग त्या ड्राइव्हमधला डेटा बाहेर काढून ते पार्टिशन उडवायचे आणि परत तपासायचं. कन्व्हर्ट झाल्यावर जुन्याच बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) यूईएफआय बूट चालू करून एकदा विंडोज उघडून बघा. उघडलं म्हणजे अर्धी लढाई जुन्या बोर्डावरच जिंकली. बोर्ड इतका जुना असेल की यूईएफआयच नाही, तर हे कन्व्हर्टचं काम अगदी शेवटी करा, कारण त्यानंतर तो त्या डिस्कवरून बूट होणार नाही.

एन्क्रिप्शन: सेटिंग्जमध्ये "बिटलॉकर" किंवा "डिव्हाइस एन्क्रिप्शन" शोधा. होम एडिशनमध्येही ते तुम्हाला न विचारता चालू झालेलं असू शकतं. त्याची चावी जुन्या बोर्डाच्या टीपीएमला बांधलेली असते, बोर्ड बदलला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं आणि ती नसेल तर डेटा विसरा. घरच्या पीसीला सोपा उपाय म्हणजे एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा, डिक्रिप्ट होऊ द्या, नव्या बोर्डावर सगळं बसलं की परत चालू करा. तरी की लिहून ठेवाच.

पिनचंही तसंच आहे. रोज चार आकडे टाकून आत जाणाऱ्याला अकाउंटचा खरा पासवर्ड आठवत नाही, आणि नव्या बोर्डावर पिन चालत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट मोबाइलवरून उघडून बघा, ओटीपी जातो तो नंबर अजून तुमच्याकडे आहे का ते बघा. वडिलांच्या किंवा आत्याच्या पीसीवर काम करत असाल तर हे सगळ्यात आधी, कारण तिथे तो नंबर हमखास बंद पडलेला असतो.

लायसन्स बघायला विंडोजचं बटण आणि आर दाबा, एसएलएमजीआर लिहा, स्पेस, स्लॅश डीएलआय. रिटेल आलं तर नव्या बोर्डावर नेता येतं. ओईएम (पीसीबरोबर आलेलं) आलं तर ते मुळात जुन्या बोर्डापुरतंच, नवीन घ्यायची तयारी ठेवा. घरच्या पीसीवर व्हॉल्यूम (कंपन्यांना घाऊक मिळणारं लायसन्स) आलं तर दुकानदाराने काय टाकून दिलंय ते समजून घ्या. काही असो, विंडोज मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा. घरच्या पीसीवर टॅली असेल तर त्याचं लायसन्स आधी सरेंडर करून घ्या, नंतर कस्टमर केअरला फोन लावत बसण्यापेक्षा बरं.

शेवटी एका पेनड्राइव्हवर नव्या बोर्डाचा लॅन आणि वायफाय ड्रायव्हर, दुसऱ्यावर विंडोजचा इन्स्टॉलर, फक्त रिपेअरसाठी.

बदलाबदली

हा भाग लोकांना अवघड वाटतो पण उलट सोपा आहे. वायर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, पॉवर बटणाच्या बारीक पिनांचा तर जवळून. जुना प्रोसेसर एएम४ असेल तर पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत काढा, सरळ ओढलात तर वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर आणि कूलरमधल्या लेपामुळे) प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बरोबर येतो आणि पिना वाकतात. नव्या इंटेल आणि एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट लावू नका आणि प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, वॉरंटीला विचारतात. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा वेगळा पॉवर कनेक्टर विसरला जातो, तो लावा. पहिल्या बूटला फक्त विंडोजची डिस्क जोडा, बाकीच्या नंतर.

पहिलं बूट

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो, बोर्ड रॅम तपासत असतो, घाबरून पॉवर काढू नका. बायोसमध्ये जाऊन साटा मोड एएचसीआय आहे ना, इंटेलवर व्हीएमडी बंद आहे ना, आणि बूट लिस्टमध्ये "विंडोज बूट मॅनेजर" पहिला आहे ना, एवढं बघा. मग वाट बघा, एक-दोनदा स्वतः रीस्टार्ट होईल, होऊ द्या.

"इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" असा निळा स्क्रीन आला तर जुन्या बोर्डावर डिस्क बहुतेक आयडीई किंवा रेड (RAID) मोडमध्ये होती. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून बूट करून रिपेअरच्या पर्यायांतून सेफ मोड लावून बघा, एकदा सेफ मोडमध्ये चढलं की पुढच्या वेळी बऱ्याचदा सरळ चालू होतं. डिस्क दिसतेय पण बूटच होत नाही, तर त्याच पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर. इन्स्टॉलचं बटण मात्र दाबू नका.

आत गेल्यावर इंटरनेट नसेल आणि ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह पण सापडत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम भागतं. चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या, "ड्रायव्हर अपडेटर" नावाची फुकट सॉफ्टवेअरं अजिबात नकोत. जुन्या बोर्डाची पंख्याची, लाइटिंगची यूटिलिटी अनइन्स्टॉल करा, विचित्र हँग बऱ्याचदा त्यांच्यामुळेच होतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली जुनी डिव्हाइसं फिकट दिसतील, ती काढली नाहीत तरी काही बिघडत नाही.

अ‍ॅक्टिव्हेशन उडालेलं दिसेल. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन, तिथे ट्रबलशूट, मग "नुकतंच हार्डवेअर बदललंय" अशा अर्थाचा पर्याय, लॉगिन करून यादीतून आपला जुना पीसी निवडा.

विंडोज ११ वर त्याच दिवशी उडी मारू नका. आठवडाभर १० च चालवा, प्रिंटर, स्कॅनर, मुलांचे गेम सगळं चालतंय ना बघा, मग बायोसमध्ये टीपीएम (इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू करून वरच्यावर अपग्रेड करा, सॉफ्टवेअर आणि फाइली जागच्या जागी राहतात. जुना बोर्ड तोपर्यंत विकू नका.