दाबमापक बेरीज दाखवतो, वाटे दाखवत नाही

वायुमिश्रणं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत मी शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात एक सोपं वाटणारं काम हातात आलं. ५० लिटरच्या सिलिंडरमध्ये नायट्रोजन आणि २० टक्के हेलियम, एकूण दाब १५० बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब). डाल्टनचा नियम पाठ होता: मिश्रणाचा एकूण दाब म्हणजे प्रत्येक वायूच्या आंशिक दाबांची, म्हणजे तो वायू एकटाच त्या जागेत असता तर जो दाब दिला असता त्यांची, बेरीज. म्हणून आधी १२० बारपर्यंत नायट्रोजन भरला, सिलिंडर निवू दिला, मग काटा १५० वर येईपर्यंत हेलियम. दोन तास सिलिंडर उभाच ठेवला आणि नमुना विश्लेषकाला, म्हणजे वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला, जोडला.

हेलियम ४० टक्क्यांच्या वर!

मी विश्लेषकावर संशय घेतला. प्रमाणित वायू लावून तो पुन्हा तपासला, पण तो बरोबर होता. शेवटी सर आले, सिलिंडरकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "अगं, मशीनला कशाला दोष देतेस? सिलिंडर आडवा कर आणि लोळव." तासभर तो रोलरवर फिरत राहिला. पुन्हा नमुना घेतला, तर आकडा आला साधारण १६ टक्के. आधी दुप्पट जास्त, आता चक्क कमी. त्या एका सिलिंडरने मला जे शिकवलं, ते पदवीच्या तीन वर्षांत नीट कळलं नव्हतं, म्हणून नव्या मुलांना मी हीच गोष्ट आधी सांगते.

पहिला आकडा चुकला तो थरांमुळे. जड नायट्रोजन आधीच आत बसलेला, त्यावर हलका हेलियम वरच्या तोंडातून आला आणि वरच राहिला. "वायू आपोआप मिसळतात" हे वाक्य खरं आहे, पण किती वेळात, ते त्यात नसतं. विसरणाचा, म्हणजे रेणू आपोआप एकमेकांत पसरण्याचा, वेग दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. वातावरणाच्या दाबाला जे मिसळणं काही तासांत होतं, त्याला १५० बारला नुसत्या विसरणाने बरेच दिवस लागू शकतात. म्हणून सिलिंडर लोळवायचा. उलट, एकदा पूर्ण मिसळलेले वायू सिलिंडर उभा राहिला म्हणून वजनाने वेगळे होत नाहीत. "जुना सिलिंडर आहे, जड वायू खाली बसला असेल" असं म्हणणारे अजून भेटतात. तो गैरसमज आहे.

दुसरा आकडा चुकला त्याचं कारण जास्त खोल आहे. आदर्श वायूचे रेणू एकमेकांना ओळखत नाहीत असं आपण धरतो. १५० बारला रेणू इतके जवळ असतात की ते एकमेकांना ओढतात, रेटतात आणि जागाही खातात. वायू आदर्श वागणुकीपासून किती दूर गेला, हे संपीड्यता गुणांक सांगतो. आम्ही त्याला नुसतं 'झेड' म्हणतो, आणि आदर्श वायूसाठी तो १ असतो. खोलीच्या तापमानाला २०० बारवर ऑक्सिजनचा झेड सुमारे ०.९५, नायट्रोजनचा १.०४ आणि हेलियमचा १.०९ च्या आसपास असतो. म्हणजे तोच दाब, तेच आकारमान, तरी ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त रेणू आणि हेलियमच्या सिलिंडरमध्ये कमी.

मिश्रणात आणखी एक गोष्ट येते, आणि पुस्तक वाचताना तीच निसटते. मिश्रणाचा झेड हा घटकांच्या झेडची साधी सरासरी नसतो, कारण हेलियम आणि नायट्रोजन यांच्या रेणूंमधलं परस्पर वर्तनही त्यात शिरतं. हे दोघे एकमेकांना फारसे ओढत नाहीत. त्यामुळे आत येणारा प्रत्येक हेलियमचा रेणू दाब त्याच्या वाट्यापेक्षा जास्त चढवतो. काटा ३० बारने वर गेला खरा, पण ३० बारच्या हिशेबाचा हेलियम आत गेलाच नव्हता.

यावरचा उपाय वजनकाटा. वजन दाबाला भुलत नाही. माझ्या सिलिंडरमध्ये साधारण २३८ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक) नायट्रोजन होता. २० टक्क्यांसाठी सुमारे ६० मोल हेलियम हवा होता, म्हणजे २४० ग्रॅमच्या आतबाहेर. पावणेसात किलो नायट्रोजनपुढे २४० ग्रॅम म्हणजे काहीच नाही, म्हणून काटा अतिशय अचूक लागतो. आणि सिलिंडर काट्यावर ठेवण्याआधी बाहेरून पुसून कोरडा करायचा. गार सिलिंडरवर धरलेलं दवही वजनात येतं.

आता माझं सर्वांत आवडतं उदाहरण. शस्त्रक्रियेच्या भुलेत वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड खोलीच्या तापमानाला सुमारे ५१ बारवर द्रव होतो. १९६१ मध्ये मायकेल टनस्टॉल यांनी प्रसूतिवेदनांसाठी त्याचं ऑक्सिजनबरोबरचं निम्मं-निम्मं मिश्रण एकाच सिलिंडरमधून वापरल्याचं मांडलं. पुढे ते एन्टोनॉक्स म्हणून रूढ झालं. भरलेल्या सिलिंडरचा दाब १३७ बार, म्हणजे डाल्टनच्या हिशेबाने नायट्रस ऑक्साइडचा वाटा ६८ बारच्या वर. तो द्रव व्हायला हवा, पण होत नाही! दाट ऑक्सिजनच्या सहवासात तो वायुरूपातच टिकतो. याला पॉइंटिंग परिणाम म्हणतात. सिलिंडर उणे ६ अंशांच्या खाली गेला मात्र, की नायट्रस ऑक्साइडने भरलेला द्रव तळाला जमू लागतो. मग आधी ऑक्सिजन जास्त येतो आणि शेवटी जवळजवळ ऑक्सिजन नसलेला वायू. रुग्णाच्या नाकाशी! म्हणून गारठलेला सिलिंडर वापरण्याआधी उबदार जागी आडवा ठेवतात, नंतर उलटसुलट करून मिसळतात. सिलिंडर लोळवायचा कंटाळा आला की मी हे मिश्रण आठवते.

म्हणजे डाल्टन चुकीचे होते असं नाही. १८०१ मध्ये त्यांनी हा नियम मांडला तो हवेतल्या बाष्पाचा विचार करता करता, वातावरणाच्या दाबाला. तिथे तो आजही चोख चालतो. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या डायव्हरांचा हिशेबही त्यावरच उभा आहे: ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारच्या आत ठेवायचा, तर साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही. श्वास घेताना दाब काही बारच असतो. सिलिंडर भरताना तो शेकड्यांत जातो, आणि सुधारणा तिथे लागते.

हौशी मंडळींना एक कळकळीची विनंती. शुद्ध ऑक्सिजन वापरून घरी मिश्रण करू नका. व्हॉल्व्ह झटकन उघडला तर नळीतला वायू क्षणात दाबला जाऊन तापतो, आणि तिथे तेलाचा पुसटसा अंश असला तरी पेट घेतो. ज्वलनशील वायू आणि ऑक्सिजन एकत्र दाबायचा विचारही नको. आणि वायू तापलेला असताना दाबमापकाचा काटा वाचू नका. ४५ अंशांवर २०० बार दाखवणारा सिलिंडर २५ अंशांना निवला की १८७ बारच्या आसपास येतो.

हात साफ करायचा असेल तर साध्या हवेच्या कॉम्प्रेसरपासून सुरुवात करा. २५ अंशांना, ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्पाचा आंशिक दाब सुमारे १९ मिलिबार असतो. हवा निरपेक्ष (म्हणजे वातावरणाचा दाब धरून) ८ बारपर्यंत दाबली तर तो १५२ मिलिबार व्हायला हवा, पण त्या तापमानाला बाष्प ३२ मिलिबारच्या पुढे जाऊच शकत नाही. टाकी निवल्यावर उरलेलं, म्हणजे जवळपास चार पंचमांश बाष्प, तळाशी पाणी होऊन साचतं. आधी वहीत गणित करा, मग टाकीतला दाब पूर्ण उतरवून खालची तोटी उघडा आणि निघालेलं पाणी मोजा.