दमा आहे आणि नाकही चोंदतं? मग स्प्रे असा मारा

दम्याच्या जोडीला बऱ्याचदा आणखी काहीतरी असतंच: आम्लपित्त, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणं, सततची चिंता. पण सगळ्यात जास्त आढळते ती नाकाची ॲलर्जी, आणि नेमकी तीच 'नेहमीची सर्दी' म्हणून अंगावर काढली जाते. नाक आणि फुप्फुसं हा एकच श्वासमार्ग आहे. वर सूज राहिली की खाली दमा आटोक्यात येत नाही. तेव्हा पंपाचा डोस वाढवायची वेळ आली, तर डॉक्टरांना नाकाबद्दलही सांगा.

डॉक्टर बहुतेक वेळा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या सूज कमी करणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे देतात. आधी नाक शिंकरा, बाटली हलवा. नवी असेल तर बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा.

आता खरी गोम. मान मागे टाकून नाकात थेंब सोडल्यासारखा स्प्रे मारू नका. औषध सरळ घशात उतरतं आणि जिभेवर कडवट चव तेवढी उरते. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात धरा, डाव्या नाकपुडीसाठी उजव्या. असं धरलं की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की तो कोरडा पडतो, खपली धरते, रक्त येतं, आणि लोक घाबरून औषधच सोडतात. हात बदलणं मला अंगवळणी पडायला फार वेळ लागला, पण माझं नाकातून रक्त येणं त्यानंतरच थांबलं. दाबताना श्वास हळू घ्या. जोरात ओढलात की पुन्हा घशातच.

दोन दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. आणि कृपा करून याऐवजी झटपट नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब रोज घालू नका. काही दिवसांतच त्यांची सवय लागते आणि नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. पंप मात्र चालूच ठेवायचा, स्प्रे त्याची जागा घेत नाही.

वास येणं बंद झालं असेल तर नाकात पॉलिप, म्हणजे आत वाढणाऱ्या मऊ गाठी, आहेत का ते तपासून घ्या. दमा आणि पॉलिप दोन्ही असलेल्या काही जणांना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनच्या एका गोळीनेही दम्याचा जोराचा झटका येतो. अशांनी डोकेदुखीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.