लढाईला होतो, पण कागदावर नाही: माजी सैनिकांनी उशिरा अर्ज कसा करायचा

आपल्याकडं सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण कुठंही जा, गावात एक तरी आबा असतात जे एकाहत्तरच्या लढाईत होते, पोटरीत अजून छर्रा आहे, थंडीत पाय धरतो, पण मेडल नाही, जखमेची पेन्शन नाही, साधी सर्व्हिस पेन्शन घेऊन गप बसलेत. मुलानं विचारलं की तेव्हाच अर्ज का नाही केला तर उत्तर ठरलेलं, जिवंत घरी आलो हेच खूप होतं रे. आणि हे फक्त एकाहत्तरचं नाही, श्रीलंकेत १९८७ ते ९० होते ते, कारगिलवाले, २००१-०२ ला ऑपरेशन पराक्रममध्ये सीमेवर माइन म्हणजे सुरुंग पेरताना जखमी झालेले, सगळ्यांत अशी माणसं सापडतात.

मी फौजेत क्लार्क होतो, आता गावात लोकांचे असले अर्ज करून देतो, त्यामुळं जे सांगतोय ते टेबलाच्या आतल्या बाजूनं बघितलेलं आहे. पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाला, तुमची लढाई माहीत नसते, त्यांना पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदींचा छापील हुकूम, माहीत असते. शेत तुम्ही कसताय हे सगळ्या गावाला माहीत असलं तरी फेरफार पडला नाही तर सातबाऱ्यावर नाव येत नाही ना, तसंच आहे हे. पोस्टिंग, दवाखाना, जखम, मेडल, लग्न, पोरं, सगळं आधी पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं जातं आणि तिथून शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रकावर, चढतं. म्हणून अर्जात पराक्रमाची गोष्ट चार पानं लिहिण्यापेक्षा ती एक ओळ कुठं आहे किंवा का पडली नाही हे शोधणं हेच खरं काम, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता नक्की मागायचं काय ते आधी ठरवा, कारण लोक एकाच अर्जात सगळं कोंबतात आणि मग तो अर्ज ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. मोहिमेचं मेडल वेगळं, म्हणजे १९६५ साठी समर सेवा स्टार नाहीतर रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, श्रीलंकेसाठी स्पेशल सर्व्हिस मेडल आणि त्यावर श्रीलंकेची क्लास्प म्हणजे धातूची पट्टी, कारगिलसाठी ऑप विजय स्टार किंवा ऑप विजय मेडल. ही मेडलं ठरलेल्या भागात ठरलेल्या काळात हजर असल्याबद्दल मिळतात, शौर्य दाखवलं का नाही त्याचा संबंध नाही, आणि त्याचे महिन्याला पैसे मिळत नाहीत हे पण आधीच सांगतो म्हणजे नंतर घरात वाद नको. दुसरं म्हणजे शत्रूच्या गोळीनं नाहीतर गोळ्यानं जखम झाली असेल तर वुंड मेडल, त्यालाच पराक्रम पदक म्हणतात. तिसरं, जखमेची पेन्शन, पैसा असतो तो इथं. आणि वीरचक्र, सेना मेडल वगैरे शौर्यपदकं आपण अर्ज करून मागायची नसतात, त्याला त्या वेळच्या कमांडरची शिफारस लागते, ती तेव्हा गेली नसेल तर आज मागं लागून वेळ आणि तब्येत दोन्ही घालवू नका असं माझं मत आहे.

घरातली ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम, जुनं पे बुक, मिलिटरी हॉस्पिटलची स्लिप, मेडिकल बोर्डाची कॉपी, पलटणीतून आलेली पत्रं, वर्दीतला फोटो ज्यात छातीवर रिबन दिसतात, सगळं बाहेर काढा. डिस्चार्ज बुकात मेडलचा एक रकाना असतो तो भिंग घेऊन वाचा. बऱ्याच जणांच्या बुकात निळ्या शाईनं वाकड्या अक्षरात पश्चिमी स्टार लिहिलेलं असतं, शेजारी क्लार्कची सही पण असते, फक्त मेडल हातात कधी आलेलं नसतं, आणि घरच्यांना पन्नास वर्षं वाटत असतं की आबांचं नावच गेलं नाही. असं असेल तर तुमची केस सोपी आहे, हक्क मंजूर आहे, वस्तू मिळालेली नाही, एवढंच लिहायचं. रकाना कोरा असेल तर मात्र पुढचं वाचा.

रकाना कोरा का राहतो ह्याची कारणं ठरलेली आहेत. माणूस जखमी होऊन हॉस्पिटलला गेला, तिथून लो मेडिकल कॅटेगरी होऊन, म्हणजे तब्येतीनं खालच्या दर्जाचा ठरून, रेजिमेंटच्या सेंटरला किंवा दुसऱ्या युनिटला पोस्ट झाला, आणि मूळ पलटणीनं मेडलची यादी नंतर सवडीनं बनवली, तेव्हा हा त्यांच्या पटावर नव्हताच, ना इकडच्या यादीत ना तिकडच्या. म्हणजे जो सगळ्यात जास्त लढला तोच बाहेर, हे मी नोकरीत बघितलंय. दुसरं कारण अटॅचमेंट, म्हणजे दुसऱ्या युनिटला जोडून दिलेलं असणं. एएससी म्हणजे रसद-वाहतूक शाखेचा ड्रायव्हर, सिग्नलचा लाइनमन, मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, इंजिनियरचा सॅपर, हे लढतात इन्फंट्रीबरोबर पण कागद त्यांच्या स्वतःच्या कोअरकडं म्हणजे शाखेकडं असतात. डिसेंबर १९७१ ला आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण लढली, तिथं तुम्ही पलटणीबरोबर सिग्नलमधून होता तर अर्ज बेळगावला नाही, जबलपूरला जाणार.

म्हणून रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता नीट बघा. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, तोफखाना नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्स खडकी, रणगाडेवाले आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री दोन्ही नगर, गार्ड्स कामठी, सिग्नल जबलपूर, ईएमई म्हणजे यंत्रदुरुस्तीवाले सिकंदराबाद. अर्ज हिंदीत चालतो, इंग्रजीसाठी कुणाचे पाय धरायची गरज नाही. वर आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर. मग सरळ मुद्दा, साधारण असा: मी अमुक पलटणीच्या अमुक कंपनीत डिसेंबर १९७१ मध्ये अमुक सेक्टरला होतो, अमुक तारखेला जखमी झालो, अमुक मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल होतो, माझ्या डिस्चार्ज बुकात अमुक मेडलची नोंद नाही, तरी माझ्या शीट रोलची आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरची तपासणी करून नोंद करावी आणि मेडल द्यावं. संपलं. एक पान. तारीख आठवत नसेल तर ठोकून देऊ नका, महिना लिहा, कारण खोटी तारीख रेकॉर्डशी जुळली नाही की पुढं सगळ्यावरच संशय घेतात.

ओरिजिनल डिस्चार्ज बुक पाठवायचं नाही म्हणजे नाही, झेरॉक्स साक्षांकित करून जोडायची. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा, आणि एक कॉपी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन आवक नंबर घ्या, तिथं हे काम फुकट होतं आणि त्यांच्या पत्रानं अर्ज गेला की जरा वजन पडतं.

अर्जाबरोबरच आरटीआय टाका, उत्तराची वाट बघत बसू नका. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. स्वतःचेच कागद मागतोय त्यामुळं लपवायला फारसं कारण नसतं. पण प्रश्न विचारू नका, कागद मागा. मला मेडल का दिलं नाही असं विचारलं तर उत्तर येतं की अशी माहिती उपलब्ध नाही. त्यापेक्षा शीट रोलची प्रत, अमुक काळातल्या माझ्या नावाच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, बॅटल कॅज्युअल्टी रिपोर्टची म्हणजे लढाईत जखमी झाल्याच्या रिपोर्टची प्रत, आयएएफवाय २००६ म्हणजे इंज्युरी रिपोर्टची प्रत, रिलीज किंवा इनव्हॅलिडमेंट (तब्येतीमुळं घरी पाठवणं) मेडिकल बोर्डाची प्रत, असं एकेक मागा. जे बिनपेन्शनचे बाहेर पडले त्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, तसं उत्तर आलं तर घाबरू नका, ते लेखी घ्या, आणि लाँग रोलमधला उतारा मागा, कारण लाँग रोल कायम ठेवतात आणि त्यात मोजक्या शब्दांत का होईना माणूस कधी आला, कधी आणि का गेला हे असतं. कागद सरकारनंच नष्ट केलेत हे सिद्ध झालं की पुढं ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजेच्या न्यायाधिकरणात, तुमच्या बाजूच्या इतर पुराव्याकडं बघावं लागतं.

इतर पुरावा म्हणजे सोबत असलेल्या दोघांचं प्रतिज्ञापत्र, त्यांचे आर्मी नंबर आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्ससकट, नुसतं अमुक माझ्याबरोबर होता एवढं पुरत नाही. शिवाय आजच्या तारखेचा एक्स-रे काढा, धातूचा तुकडा स्पष्ट दिसतो, रेडिऑलॉजिस्टच्या रिपोर्टवर तसं लिहून घ्या. छर्रा आपोआप शिरत नाही ना पायात.

नावाचा घोळ आधी मिटवा, अर्ध्या केसेस इथंच लटकतात. भरतीच्या वेळी आडनावच लिहिलं नाही, बापाचं नाव वेगळ्या स्पेलिंगनं गेलं, आणि जिल्हा तर हमखास बदललेला, म्हणजे रेकॉर्डवर रत्नागिरी आणि आधारवर सिंधुदुर्ग, कारण सिंधुदुर्ग १९८१ ला झाला, तसंच उस्मानाबाद आणि लातूर १९८२ ला. क्लार्क पोरगा पंजाबचा नाहीतर बिहारचा असतो, त्याला काय माहीत. एक ओळ लिहून तहसीलदाराचा दाखला जोडला की विषय संपतो. आबा हयात नसतील तर आजीच्या नावानं अर्ज करायचा, पण तिचं नाव रेकॉर्डवर बायको म्हणून चढलंय का ते आधी बघा.

आता पेन्शन. ३१ जानेवारी २००१ चं संरक्षण मंत्रालयाचं पत्र आहे, १९९६ पासून लागू, त्यात अपंगत्वाचे ए ते ई असे पाच गट केलेत. बी आणि सी मध्ये नोकरीमुळं झालेला आजार, ड्यूटीवरचा अपघात, त्याला डिसॅबिलिटी पेन्शन. ई मध्ये शत्रूची कारवाई, सीमेवरच्या चकमकी, माइन पेरताना नाहीतर काढताना झालेला स्फोट, त्याला वॉर इंज्युरी पेन्शन. फरक किती ते बघा, शंभर टक्के अपंगत्व धरलं तर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि वॉर इंज्युरी एलिमेंट नोकरीत ठेवून नंतर रिटायर झाला असेल तर ६० टक्के, जखमेमुळंच घरी पाठवला असेल तर १०० टक्के. एकाहत्तरच्या जखमींसाठी तर असा हुकूम १९७२ लाच निघाला होता. त्यामुळं तुमच्या बोर्डाच्या कागदावर नुसतं ॲट्रिब्युटेबल टू मिलिटरी सर्व्हिस, म्हणजे नोकरीमुळं झालेलं, एवढंच लिहिलंय का बॅटल कॅज्युअल्टी असं लिहिलंय हे तपासा. ज्यांना वर्षानुवर्षं साधी डिसॅबिलिटी पेन्शन मिळतेय त्यांनी तर नक्की तपासा, कारण त्यांना वाटतं आपल्याला मिळतंय ना, मग झालं.

अपंगत्वाच्या टक्केवारीचं पण एक आहे. २० किंवा जास्त असेल तर राउंडिंग होतं, म्हणजे वरचा ठरलेला आकडा धरतात, ५० पेक्षा कमी असेल तर ५०, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर ७५, त्याच्या वर १००. आधी हे फक्त इनव्हॅलिड होऊन आलेल्यांना द्यायचे, पण सुप्रीम कोर्टानं १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये सांगितलं की मुदत पूर्ण करून रिटायर झालेल्यांना पण द्या.

उशीर झाला म्हणून दार बंद का, हे सगळेच विचारतात. पेन्शन दर महिन्याला कमी मिळतेय म्हणजे अन्याय दर महिन्याला नवा होतोय, अशा हिशोबानं कोर्ट बघतं, पण थकबाकी सगळी देईलच असं नाही. २००८ ला तरसेम सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं थकबाकी अर्ज करायच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच ठेवली, आणि तो माणूस १९८३ ला इनव्हॅलिड होऊन १९९९ ला कोर्टात गेलेला. तेव्हा एकाहत्तरपासूनचे लाखो रुपये काढून देतो म्हणणारा कुणी भेटला आणि त्यातले टक्के मागायला लागला तर चहा पाजून परत पाठवा.

रेकॉर्ड ऑफिसनं नाही म्हटलं तर पेन्शनच्या बाबतीत पहिलं अपील, मग दुसरं अपील, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. उत्तरच दिलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि मग जाता येतं. नकाराचं शेवटचं पत्र आल्यावर पण सहा महिन्यांची मुदत असते, ते पत्र आलं त्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का फाडून टाकू नका. त्याहून उशीर झाला असेल तर उशीर माफ करायचा वेगळा अर्ज जोडायचा, त्यात वय, आजारपण, माहिती नव्हती, कागद मिळत नव्हते हे खरं खरं लिहायचं. रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला असलं तरी रिटायर माणूस जिथं राहतो तिथल्या बेंचला जातो, महाराष्ट्र, गोवा, गुजरातवाल्यांना मुंबई. फक्त मेडलसाठी ट्रिब्युनलला जायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा, मी तरी आधी दोन स्मरणपत्रं आणि रेजिमेंटच्या सेंटरला एक चक्कर एवढं करून बघा म्हणेन, तिथल्या सुभेदार मेजर साहेबांना समोर बसून कागद दाखवले की पत्रानं न हलणारं काम हलतं कधी कधी.

मंजुरी आली की करेक्शन झालेला पीपीओ स्पर्श ह्या पेन्शनच्या सरकारी वेबसाइटवर दिसतो, तो उघडून टक्केवारी किती धरली, कुठल्या तारखेपासून आणि डिसॅबिलिटी लिहिलंय का वॉर इंज्युरी हे बघा, नुसता पैसा जमा झाला म्हणून खूश होऊ नका. आणि मेडल आलं तर त्यावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते डिस्चार्ज बुकाशी जुळवा. कॅन्टोनमेंटच्या दुकानात मिळतात ती कोरी असतात, ओळखायला सोपं. नंबर चुकलेला असेल तर ठेवून न घेता पत्र लिहून परत पाठवा, दुरुस्त करून देतात.