युरियावर काम करायला घेताय?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला 'युरिया आणि प्रथिनं' (म्हणजे युरियाच्या दाट द्रावणात प्रथिनांची घडी कशी उलगडते) असा विषय मिळाला की बहुतेकांचं तोंड उतरतं. खताच्या गोणीतला पदार्थ, त्यात शिकण्यासारखं काय असणार! माझं मत उलटं आहे. द्रावणातले रेणू एकमेकांशी कसे वागतात हे समजून घ्यायला याहून चांगला पदार्थ मला तरी माहीत नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात प्रथिनाला हात घालू नका. आधी नुसतं द्रावण नीट करायला शिका.

8 मोलर (लिटरमागे 8 मोल) द्रावण 100 मिली हवं असेल तर सुमारे 48 ग्रॅम युरिया लागतो. नवखा माणूस सरळ 100 मिली पाणी घेतो आणि तिथेच गणित बिघडतं, कारण विरघळलेला युरिया बरीच जागा अडवतो. पाणी जेमतेम 64 मिलीच मावतं. म्हणून 55 च्या आसपास घ्या आणि उरलेलं शेवटी, फ्लास्कच्या खुणेपर्यंत. ढवळायला लागलात की बीकर गार पडतो, दमट दिवसांत बाहेरून पाणी धरतो. (फवारणीसाठी युरिया कालवणाऱ्यांना हा गारवा चांगलाच ठाऊक असतो.) विरघळताना युरिया मोलमागे साधारण 15 किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, तरी तो विरघळतो तो एन्ट्रॉपीच्या, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणाच्या, जोरावर.

गार द्रावणात शेवटचे खडे विरघळता विरघळत नाहीत आणि हात हॉटप्लेटकडे वळतो. तिथे आवरा. 1828 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. पाण्यात तीच अभिक्रिया थोडीशी उलटीही चालते. तापवलं की तिचा वेग वाढतो, आणि तयार झालेलं सायनेट प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतं. मग आलेख कितीही देखणा येवो, तो तुमच्या मूळ प्रथिनाचा नसतो. द्रावण त्या त्या दिवशी ताजं करा, खरी तीव्रता रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) तपासा, पीएच युरिया घातल्यानंतरच लावा.

आता खरी गंमत. युरियाच्या स्फटिकात एकच ऑक्सिजन चार हायड्रोजन बंध घेतो. पाण्यातही हा रेणू असा मिसळतो की पाण्याच्या जाळ्याला फारसा धक्का लागत नाही. युरिया पाण्याची रचना मोडतो आणि म्हणून प्रथिनं उलगडतात, असं पूर्वी बऱ्याच जणांना वाटायचं. आज पारडं दुसरीकडे झुकलंय: युरिया थेट प्रथिनाशी, त्याच्या कण्याशी आणि बाजूच्या गटांशी लगट करतो. व्हायवाला हा वाद हमखास निघतो, दोन्ही बाजू वाचून जा. आणि हेही ध्यानात असू द्या की 8 मोलरला युरियाच्या एका रेणूमागे पाण्याचे चार-साडेचारच रेणू उरतात. विरल द्रावणाचे नियम तिथे आंधळेपणाने लावू नका.

संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्यांनी प्रथिन टाकण्याआधी युरिया-पाण्याचीच पेटी चालवून घनता जुळते का बघावं. काही फोर्स फील्डमध्ये (रेणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्रसंचांत) युरिया उगीचच गठ्ठे करून बसतो.

प्रयोगात उलगडण्याची मुक्त ऊर्जा (प्रथिनाची घडी किती पक्की आहे याचं माप) युरियाच्या तीव्रतेसमोर मांडली की सरळ रेघ मिळते. तिचा उतार म्हणजे एम-मूल्य, उलगडताना किती पृष्ठभाग उघडा पडला याचा अंदाज. रेघ शून्यापर्यंत मागे ओढण्याआधी दोन्ही टोकांच्या बेसलाइनवर (जिथे प्रथिन पूर्ण घडीत किंवा पूर्ण उलगडलेलं असतं त्या भागांवर) पुरेसे बिंदू घ्या, आणि युरिया विरल केल्यावर प्रथिन परत घडी घालतं का तेही पाहा. घालत नसेल तर त्या रेघेतून काढलेल्या मुक्त ऊर्जेला काही अर्थ नाही.