दारू सोडल्यावर शरीराला घाई करू नका : स्त्रियांनी या चुका टाळाव्यात

व्यसनमुक्तीच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि दर वेळी जिवाला लागते. दारू सोडायचे ठरवायला जिला वर्षे लागतात, तीच स्त्री एकदा ठरल्यावर शरीराला आठवडाभराचीही सवड द्यायला तयार नसते.

सर्वांत घातक चूक म्हणजे रोज पिण्याची सवय असताना कोणालाही न सांगता घरीच एकदम दारू बंद करणे. यामागे लाज असते, आणि स्त्रीच्या वाट्याला ती जास्तच येते. एका बाईंनी घरची मंडळी बाहेरगावी गेल्याची संधी साधून असेच केले. दुसऱ्या दिवशी बहीण भेटायला आली तेव्हा पाण्याचा पेला त्यांना दोन्ही हातांनीही धरवत नव्हता, पाणी अंगावर सांडत होते, तरी ‘जरा अशक्तपणा आहे, झोपले की बरे वाटेल’ एवढेच त्या सांगत होत्या. संध्याकाळी त्यांना आकडी आली आणि पलंगाच्या कडेवर डोके आपटले. बहीण तिथे होती म्हणून त्या वेळेत रुग्णालयात पोहोचल्या. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम आणि धडधड सुरू होते, आकडीचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो, आणि भास, ताप, गोंधळ अशी जिवावर बेतणारी अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येते. म्हणून रोज पिणाऱ्या स्त्रीने दारू थांबवण्याआधी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे, आणि पूर्वी कधी आकडी आली असेल तर ते आवर्जून सांगितले पाहिजे. रोज किती घेता, हे मी कागदावर लिहून न्यायला लावते, कारण तोंडाने सांगताना तो आकडा हमखास निम्म्यावर येतो.

‘नवऱ्यापेक्षा मी कमीच घेत होते’ या समाधानाला काही अर्थ नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातील प्रमाण अधिक चढते, आणि यकृताचे नुकसानही पुरुषापेक्षा कमी वर्षांत होते.

दुसरी चूक मला खरोखर संताप आणते. दारू सुटून पंधरवडाही झालेला नसतो, तोच वाढलेले वजन उतरवण्यासाठी उपास, रसांचे ‘डिटॉक्स’ आणि दोन वेळची जिम सुरू होते. यकृताला कोणताही रस धुऊन काढत नाही. त्याला दारूपासून सुटका, अन्न आणि वेळ लागतो. दीर्घकाळ पिणाऱ्या शरीरात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, आणि मॅग्नेशियम बहुधा कमी असते, स्नायू झिजलेले असतात आणि हाडेही ठिसूळ झालेली असू शकतात. त्यात उपाशी राहिले तर उरलासुरला साठाही संपतो. चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही थायमिनच्या गंभीर कमतरतेची चिन्हे असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बऱ्याच दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपेट जेवणेही धोक्याचे असते, त्यामुळे आहार वाढवणेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. माझा शिरस्ता साधा आहे : पहिले काही आठवडे दिवसातून थोडे थोडे अनेकदा खावे, बोलता बोलता दम लागणार नाही इतकेच चालावे, आणि वजने उचलण्याचा विचार तपासण्या झाल्यावर करावा. ज्यांना याचा कंटाळा येतो, त्यांनाच पुढे दुखापत झालेली मी पाहते.

झोप बिघडते आणि काही महिने बिघडलेली राहू शकते, म्हणून घरात कोणाच्या तरी नावाची झोपेची गोळी घेऊ नये. त्यातील काहींचे स्वतंत्र व्यसन लागते. यकृत कमजोर असताना पॅरासिटामॉलही विचारूनच घ्यावे. दारू सुटलेली राहावी म्हणून दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी कोणीही कोणाच्याही जेवणात गुपचूप मिसळू नये : ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हा धोका उरतो. रात्रीचा घाम रजोनिवृत्तीचा की दारू सोडल्याचा, हे घरबसल्या ठरवू नये. पाळी अनियमित होती म्हणून गर्भधारणा होणार नाही, असेही गृहीत धरू नये; दारू सुटल्यावर बीजनिर्मिती पुन्हा नियमित होऊ शकते, म्हणून मूल नको असेल तर गर्भनिरोधकाचा विचार आणि हवे असेल तर चालू औषधांबद्दलची चौकशी पहिल्याच भेटीत करून घ्यावी.